गर्भवतींवरचं संशोधन: मंजुरी देताना काय तपासायचं?

प्रश्न
आमच्या नैतिकता समितीपुढे एक प्रोटोकॉल (संशोधनाचा आराखडा) आहे. अपस्मारासाठी लॅमोट्रिजिन आधीपासूनच घेणाऱ्या गर्भवतींच्या रक्तातली औषधाची पातळी दर तिमाहीला एकदा मोजायची. दोन सदस्य थॅलिडोमाइडचा (गर्भवतींनी घेतल्यावर बाळांत जन्मजात व्यंगं आली ते औषध) दाखला देऊन म्हणतात, गर्भवती नकोतच. तुमचं मत?

प्रतिसाद १
थॅलिडोमाइडचा दाखला उलट बाजूने लागतो. १९५७ साली ते पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, १९६१ मध्ये मागे घेतलं. हजारो बाळांना अपाय झाला तो चाचणीत नाही, रोजच्या वापरात. गर्भवतींना वगळलं तरी औषध त्यांच्या पोटात जातंच, फक्त नोंद कोणी ठेवत नाही.

माझा आक्षेप वेळापत्रकावर आहे. गरोदरपणात यकृत लॅमोट्रिजिन फार वेगाने बाहेर काढतं. पातळी घसरते आणि झटके येऊ शकतात. तिमाहीला एक नमुना घेतला तर ही घसरण हुकेल. दर महिन्याला घ्या, आणि तोही सकाळचा डोस घेण्याआधी. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पातळी झपाट्याने वर जाते. वाढवलेला डोस तसाच राहिला तर चक्कर येते, एकाचं दोन दिसतं. त्यामुळे प्रसूतीनंतरचे नमुने हवेतच. पातळीचा निकाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवायची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे का, तेही बघा.

प्रतिसाद २
संमती बाईचीच. सिऑम्सच्या (वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेचे नियम सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या कोणाची परवानगी तिची जागा घेऊ शकत नाही. तिला किंवा बाळाला थेट फायदा नसेल तर जोखीम किमान हवी. इथे जादा आहे ते फक्त रक्त काढणं, त्यामुळे ही अट सहज पाळली जाते. मात्र बाळाचा पाठपुरावा कोण, किती काळ करणार हे लिहून घ्या. बहुतेक प्रोटोकॉल तिथेच लंगडे पडतात.

प्रश्नकर्ता
आभार, वेळापत्रक बदलायला सांगतो. पण औषध नवीन असेल तर?

प्रतिसाद १
आधी प्राण्यांवरचे प्रजनन-अभ्यास, सहसा उंदीर आणि ससा. पण गर्भाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. तिथे चाचणी पोहोचत नाही, औषध घेणाऱ्या गर्भवतींची मोठी नोंदवहीच लागते. एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाचं बघा: २०१८ मध्ये बोट्सवानात, गर्भधारणेच्या वेळी ते चालू असलेल्या ४२६ प्रसूतींत मज्जानलिकेचे ४ दोष दिसले आणि अनेक ठिकाणी स्त्रियांना ते देण्यावर बंधनं आली. प्रसूतींचा आकडा वाढत गेला तसा तो धोका जवळपास विरला. हजारात एखादा दिसणारा दोष काही शे प्रसूतींवरून ठरवता येत नाही.