सर्व्हर बंडलांत तोडल्यावर क्लासनॉटफाउंड: ट्रान्सपोर्टला डीटीओ का दिसत नाहीत?

प्रश्न

अ‍ॅप्लिकेशनचे तीन भाग आहेत: एक्लिप्स आरसीपीवरचा (डेस्कटॉप प्रोग्राम बांधायचा सांगाडा) क्लायंट, शेअर्ड (सर्व्हिस इंटरफेस आणि डीटीओ, म्हणजे फक्त डेटा वाहून नेणारे ऑब्जेक्ट) आणि सर्व्हर. सर्व्हरही इक्विनॉक्सवरच (ओएसजीआय या जावा मॉड्यूल पद्धतीची एक्लिप्सची अंमलबजावणी) चालतो; त्यातल्या प्रत्येक मॉड्यूलला बंडल म्हणतात. क्लायंटमधला प्रॉक्सी प्रत्येक कॉल सिरियलाइझ करून (बाइट्समध्ये बदलून) एचटीटीपी पोस्टने पाठवतो आणि सर्व्हलेट तो ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमने वाचतो. सर्व्हलेट बिझनेस सर्व्हिसेसच्याच बंडलमध्ये होता तोवर सगळं सुरळीत होतं. तो वेगळ्या ट्रान्सपोर्ट बंडलमध्ये हलवल्यापासून ऑर्डरडीटीओसाठी क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन येतं. फक्त स्ट्रिंग आणि लाँग घेणारे कॉल चालतात. कन्सोलवर शेअर्ड बंडल अ‍ॅक्टिव्ह दिसतं. ट्रान्सपोर्टच्या मॅनिफेस्टमध्ये (बंडलच्या माहितीची फाइल) डायनॅमिकइम्पोर्ट-पॅकेजला तारका (म्हणजे कुठलंही पॅकेज चालेल) दिली की एरर जाते. ती तशीच ठेवावी का?

उत्तर १

ठेवू नका. अ‍ॅक्टिव्ह असण्याचा इथे संबंध नाही. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलचा क्लासलोडर (क्लास शोधून मेमरीत आणणारा भाग) वेगळा असतो आणि त्याला स्वतःच्या क्लासांखेरीज मॅनिफेस्टमध्ये इम्पोर्ट केलेलंच दिसतं. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम क्लास शोधताना कॉल स्टॅकवरचा सर्वांत जवळचा अ‍ॅप्लिकेशनचा लोडर धरतो, म्हणजे रीडऑब्जेक्ट ज्या कोडने बोलावलं त्याचा. पूर्वी तो कोड सर्व्हिस बंडलमध्ये होता आणि तिथे डीटीओचे इम्पोर्ट होते, म्हणून चालत होतं.

तारका दिल्यावर ट्रान्सपोर्ट कुठल्याही बंडलने एक्स्पोर्ट केलेल्या पॅकेजला बांधलं जाऊ शकतं आणि एकदा बांधलं की रिफ्रेशपर्यंत सुटत नाही. शेअर्डच्या दोन आवृत्त्या असतील, तर बहुतेक वेळा वरची उचलली जाते, मग सर्व्हिसला खालची हवी असली तरी. असा घोळ शोधायला दिवस जातो.

योग्य उपाय म्हणजे स्ट्रीमचा सबक्लास करून रिझॉल्व्हक्लास ओव्हरराइड करणं. स्ट्रीममध्ये आधी सर्व्हिस इंटरफेसचं नाव साधी स्ट्रिंग म्हणून लिहा, आर्ग्युमेंट्स त्यानंतर. सर्व्हरने ते नाव वाचून ओएसजीआयच्या सर्व्हिस रजिस्ट्रीतून सर्व्हिस रेफरन्स घ्यावा, त्याच्या बंडलवर लोडक्लास करून इंटरफेस मिळवावा आणि त्या इंटरफेसचा क्लासलोडर स्ट्रीमला द्यावा. तो लोडर शेअर्डचा असतो, त्यामुळे शेअर्डमधले सगळे डीटीओ त्याला दिसतात आणि ट्रान्सपोर्टला एकाही डीटीओचं नाव माहीत असावं लागत नाही. बंडल वेगळं काढलं ते यासाठीच ना!

क्लायंटवर उत्तर वाचताना हाच लोडर वापरा. प्रॉक्सीच्या हातात इंटरफेस असतोच.

प्रश्नकर्ता

साधे डीटीओ आता येतात. पण ऑर्डरडीटीओचा अ‍ॅरे पाठवला की पुन्हा क्लासनॉटफाउंड. आणि एका मॉड्यूलमध्ये "ऑर्डरडीटीओचं ऑर्डरडीटीओमध्ये कास्ट होत नाही" असं क्लासकास्टएक्सेप्शन येतं! बडी पॉलिसीने (एका बंडलला इम्पोर्टशिवाय दुसऱ्याचे क्लास शोधू देणारी सोय) दोन्ही सुटेल का?

उत्तर २

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

अ‍ॅरेचं: रिझॉल्व्हक्लासमध्ये तुम्ही लोडरवर थेट लोडक्लास बोलावत असणार. त्याला अ‍ॅरेचं नाव (चौकटी कंसाने सुरू होणारं) कळत नाही. क्लास.फॉरनेम वापरा, तीन पॅरामीटरचं: नाव, फॉल्स, लोडर. इंट, लाँगसारख्या प्रिमिटिव्हचा क्लास ऑब्जेक्ट स्ट्रीममध्ये आला, उदाहरणार्थ मेथडच्या पॅरामीटर टाइपच्या यादीत, तर फॉरनेमही हरतं. म्हणून एक्सेप्शन पकडून सुपरचं रिझॉल्व्हक्लास बोलवा.

कास्टचं: एकच क्लास दोन लोडरांनी लोड केलाय. दोन्ही बाजूंच्या क्लासवर फ्रेमवर्कयूटिलचं गेटबंडल बोलावून आयडी छापा. दुसरी बाजू त्या मॉड्यूलचाच आयडी दाखवत असेल, तर त्याच्या बंडल-क्लासपाथमध्ये शेअर्डची जार भरलेली आहे. ती काढा आणि इम्पोर्ट-पॅकेज लिहा. दोन शेअर्ड बंडल दिसत असतील (कन्सोलवर एसएस दिल्यावर कळेल), तर इम्पोर्टला रेंज द्या. नुसतं १.२ लिहिलं की त्याचा अर्थ "१.२ किंवा त्यापुढचं काहीही" असा होतो. इंटरफेस फक्त वापरणाऱ्याने १.२ पासून २.० च्या आतली रेंज लिहावी. तो इम्प्लिमेंट करणाऱ्याने १.२ पासून १.३ च्या आतली, कारण इंटरफेसमध्ये एक मेथड वाढली तरी त्याचा कोड मोडतो.

बडी पॉलिसी नको. रजिस्टर्ड पॉलिसीत शेअर्डला ट्रान्सपोर्टवर अवलंबून राहावं लागतं, म्हणजे अवलंबित्वाची दिशाच उलटी होते. शिवाय ती इक्विनॉक्सपुरती आहे.

उत्तर ३

सबक्लास लिहिताच आहात तर फिल्टरही आत्ताच लावा. नेटवर्कवरून आलेली स्ट्रीम जशीच्या तशी उघडणं धोक्याचं आहे. क्लासपाथवरच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या लायब्ररीतले क्लास जोडून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो, हे २०१५ मध्ये कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीने सगळ्यांना दाखवलं. जावा ९ पासून ऑब्जेक्टइनपुटफिल्टर आहे. तो पहिल्या रीडऑब्जेक्टच्या आधी स्ट्रीमवर बसवा: शेअर्डची पॅकेजेस, जावाची लँग, यूटिल, मॅथ, टाइम, आणि शेवटी बाकी सगळ्याला नकार. मॅक्सअ‍ॅरे आणि मॅक्सडेप्थच्या मर्यादाही द्या. फिल्टरची तपासणी रिझॉल्व्हक्लासनंतर होते. म्हणूनच वरचं ते "फॉल्स" महत्त्वाचं: नाकारलेल्या क्लासचा स्टॅटिक इनिशियलायझर तोवर चालत नाही.

सर्व्हरवरचं एक्सेप्शन क्लायंटला जसंच्या तसं पाठवू नका. डेटाबेस लेयरचा एक्सेप्शन क्लास क्लायंटकडे नसतो, त्यामुळे तिथे क्लासनॉटफाउंड दिसतं आणि मूळ चूक झाकली जाते. शेअर्डमध्ये स्वतःचं एक्सेप्शन ठेवा, त्यात फक्त मेसेज आणि कोड. कॉज (मूळ एक्सेप्शन) जोडू नका, कारण तोही सिरियलाइझ होतो. पूर्ण स्टॅकट्रेस सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊ द्या.

आणि प्रत्येक डीटीओला सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) हाताने द्या. नाहीतर एक पब्लिक मेथड वाढली तरी तो बदलतो आणि अपडेट न केलेल्या क्लायंटला इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतं.