लाँग एक्सपोजर घेताना व्ह्यूफाइंडर झाकणे : आवश्यक दक्षता की निव्वळ कर्मकांड?

मुठाकाठ :
खडकवासला धरणातून विसर्ग वाढून पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला की झेड पुलावर ट्रायपॉड घेतलेल्या मंडळींची गर्दी होते. वाहते पाणी धुक्यासारखे मऊ दिसावे म्हणून दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (भिंगापुढची गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) लावून मिनिट-दीड मिनिटाची एक्सपोजर घेतली जातात, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवले जाते. अशाच एका सहलीत, शटर उघडण्यापूर्वी आयपीस (व्ह्यूफाइंडरची डोळा लावायची काच) झाकण्याचा आग्रह हे जुन्या मंडळींचे कर्मकांड आहे, असे मत एका अनुभवी छायाचित्रकाराने नवोदितांसमोर मांडले. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्यात आपण आयपीसमधून पाहतो तेव्हा भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून फोकसिंग स्क्रीनवर आणि तेथून पेंटाप्रिझममार्गे डोळ्यापर्यंत पोहोचतो. हाच मार्ग उलट दिशेनेही खुला असतो. शटर उघडताना आरसा वर जाऊन फोकसिंग स्क्रीनखाली टेकतो आणि हा मार्ग बराचसा बंद करतो. पण आरसा हा हलणारा भाग असल्यामुळे त्याच्या कडा पूर्णपणे प्रकाशबंद नसतात. १/१२५ सेकंदाच्या छायाचित्रात त्या फटीतून येणारा प्रकाश नगण्य असतो. दहा स्टॉपचा फिल्टर मात्र भिंगातून येणारा प्रकाश १०२४ पटींनी घटवतो, त्यामुळे १/१५ सेकंदाचे एक्सपोजर सुमारे ६८ सेकंदांवर जाते. मागून शिरणाऱ्या प्रकाशाला कोणताही फिल्टर अडवत नाही आणि तो तेवढे सर्व ६८ सेकंद चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर साचत राहतो. डोके कॅमेऱ्यापासून दूर आणि पाठीमागे मोकळे आकाश असेल, तर चित्रात जांभळट पट्टा किंवा फिकट डाग उमटण्यास एवढे पुरेसे आहे. म्हणून तीस सेकंदांपुढील प्रत्येक एक्सपोजरला आयपीस झाकलाच पाहिजे आणि हे कार्यशाळेच्या पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे.

तळजाई :
सहलीतील त्या छायाचित्रकाराची बाजू मी घेतो. चित्रात जांभळे काही दिसले की आयपीसकडे बोट दाखवण्याची सवय लागली आहे, आणि त्यामुळे खरी कारणे शोधलीच जात नाहीत.

चौकोनी फिल्टरच्या होल्डरमध्ये काच आणि गास्केट (प्रकाश अडवणारी मऊ पट्टी) यांच्यात फट राहिली, तर बाजूचा प्रकाश फिल्टरच्या मागच्या पृष्ठभागावर पडून परावर्तित होतो आणि तसाच पट्टा येतो. अवरक्त किरण न अडवणाऱ्या गडद फिल्टरमुळे संपूर्ण चित्रावर, विशेषतः काळ्या कपड्यांवर, तांबूस छटा चढते. जुन्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग तापल्याने कोपऱ्यात जांभळी आभा दिसते, आणि ती पूर्ण अंधाऱ्या खोलीतही दिसते. या तिन्हींपैकी एकही दोष आयपीस झाकल्याने जाणार नाही.

आरशाबद्दलही थोडे लिहितो. ऑटोफोकससाठी मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो हे खरे. पण आरसा वर जाताना मागचा दुय्यम आरसा त्याच भागाला चिकटून मिटतो, आणि वर टेकण्याच्या जागी फोमची पट्टी असते. फोम शाबूत असलेल्या कॅमेऱ्यात गळती अगदी थोडी असते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत आयपीस झाकण्याची सूचना असते ती मुख्यतः प्रकाशमापनासाठी. मापनाचा सेन्सर प्रिझमजवळ बसवलेला असल्याने मागून आलेला प्रकाश तो मोजतो आणि स्वयंचलित एक्सपोजर कमी पडते. मॅन्युअल किंवा बल्ब मोडमध्ये एक्सपोजर आपण स्वतः ठरवतो, त्यामुळे तेथे हा मुद्दा उरतच नाही.

पाषाणकर :
मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक लहानसा पडदा असतो आणि तेथून सेन्सरकडे जाणारा प्रकाशमार्गच नसतो. २०२० नंतर कॅमेरा घेतलेल्यांपैकी कितीजणांना या चर्चेचा उपयोग आहे?

मुठाकाठ :
पाषाणकर, छायाचित्रण शिकायला सुरुवात करणारे अनेक विद्यार्थी आजही वापरलेला डीएसएलआर घेतात, कारण त्याच पैशांत त्यांना बरे भिंगही मिळते. कार्यशाळेत येणाऱ्यांत हेच विद्यार्थी अधिक असतात, म्हणून प्रश्न जुना झालेला नाही.

तळजाई, प्रकाशमापनाचा मुद्दा तुम्ही फारच लवकर निकालात काढला. नवोदित बल्ब मोडपर्यंत पोहोचण्यापूर्वी अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, आपण ठरवतो आणि वेळ कॅमेरा) सहा स्टॉपचा फिल्टर लावून, सेल्फ टायमर सुरू करून बाजूला होतात. समोरून फिल्टरमुळे मंदावलेला प्रकाश आणि मागून थेट आकाशाचा प्रकाश अशी अवस्था असताना कॅमेरा मोजणार काय? चित्र काळपट आले की दोष फिल्टरला दिला जातो.

कृष्णधवल :
दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आपापल्या जागी ठीक आहेत, परंतु ‘तीस सेकंदांपुढे’ ही कसोटीच मला मान्य नाही. गळती दिसेल की नाही हे केवळ वेळेवरून ठरत नाही. समोरचा प्रकाश भिंगातून किती कमी होऊन येतो आणि मागे किती उजेड आहे, या दोहोंच्या गुणोत्तरावरून ते ठरते.

राजगडावर अमावास्येच्या रात्री ताऱ्यांच्या रेषा टिपताना तुम्ही शटर वीस मिनिटे उघडे ठेवाल. पण फिल्टर नसतो, अॅपर्चर मोठे असते आणि पाठीमागे अंधारच असतो. तेथे आयपीस उघडा राहिला तरी काही बिघडत नाही, फक्त सोबत्याने हेडलॅम्प त्यावर रोखू नये. याउलट, संध्याकाळी नदीच्या डेक्कनकडील काठावरून ओंकारेश्वराचे देऊळ टिपायचे असेल, तर तोंड पूर्वेकडे आणि कलता सूर्य बरोबर पाठीशी असतो. तेथे दहा स्टॉपचा फिल्टर लावून घेतलेले वीस सेकंदांचे एक्सपोजरही धोक्याचे आहे, जरी ते तुमच्या नियमात बसत नसले तरी.

अॅपर्चरचाही विचार करावा लागतो. वेळ वाढवण्यासाठी आपण एफ/४ वरून एफ/१६ वर, म्हणजे लहान छिद्रावर, गेलो की भिंगातून येणारा प्रकाश सोळा पटींनी घटतो, मात्र मागून येणाऱ्या प्रकाशावर अॅपर्चरचा काहीच परिणाम होत नाही. चित्राच्या तुलनेत गळती सोळा पट ठळक होते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) कमीजास्त करून यात फरक पडत नाही, कारण त्याने दोन्ही प्रकाशांना सारखीच वाढ मिळते.

शनिवारपेठी :
मग एकच मोठे एक्सपोजर घेण्याऐवजी चार-चार सेकंदांची सोळा छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली तर? गळतीला साचायला वेळच मिळणार नाही आणि झाकणाचीही गरज उरणार नाही.

कृष्णधवल :
फिल्टर आणि अॅपर्चर तेच ठेवले तर काहीच साधणार नाही. प्रत्येक चार सेकंदांत चित्राचा प्रकाशही तेवढाच कमी येतो, म्हणजे गुणोत्तर जैसे थे राहते. लाभ होतो तो फिल्टर सौम्य केल्यावर. दहाऐवजी सहा स्टॉपचा फिल्टर लावला तर भिंगातून सोळा पट अधिक प्रकाश येतो आणि त्याच प्रमाणात गळती फिकी पडते. मग त्या सोळा छायाचित्रांची सरासरी काढून पाणी हवे तेवढे मऊ करता येते. मात्र दोन छायाचित्रांमधील खंडामुळे ढगांच्या आणि वाहनांच्या दिव्यांच्या रेषा तुटक दिसू शकतात, म्हणून सर्वत्र हा उपाय चालत नाही.

मुठाकाठ :
वादाचा निकाल चाचणीने लागू शकतो. भिंगाला झाकण लावा, आयपीसला टॉर्च टेकवा, एक मिनिट शटर उघडे ठेवा. चित्र पूर्ण काळे आले नाही तर गळती सिद्ध झाली. हे अनेकांना घरी करून दाखवता येईल.

तळजाई :
ही चाचणी फसवी आहे. आयपीसला टॉर्च टेकवून कोणीही नदीकाठी छायाचित्रे घेत नाही. एवढ्या प्रखर प्रकाशात जवळजवळ प्रत्येक डीएसएलआर दोषी ठरेल आणि त्यावरून प्रत्यक्षात काय घडेल ते कळणार नाही.

चाचणी घ्यायचीच असेल तर जागेवरच, त्याच उजेडात घ्या. आधी नेहमीप्रमाणे छायाचित्र घ्या. डाग दिसला तर फिल्टर होल्डर काढा, भिंगाला घट्ट झाकण लावा आणि आयपीस उघडा ठेवून तेवढ्याच वेळेचे, त्याच आयएसओवर दुसरे घ्या. डाग नाहीसा झाला तर तो होल्डरमधून किंवा भिंगातून येत होता. डाग राहिला तर आयपीस झाकून तिसरे घ्या. आता गेला तर मी तुमचे म्हणणे मान्य करीन. तिसऱ्यातही राहिला तर भिंग जेथे बसते त्या माउंटवर काळे कापड गुंडाळून पाहा, आणि तरीही जात नसेल तर दोष सेन्सरच्या उष्णतेचा असण्याची शक्यता अधिक.

कॅमेऱ्यातील लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन ही सोय चालू असल्यास गळती आपोआप वजा होते, असा एक समज आहे, तोही येथेच दूर करतो. त्या सोयीत कॅमेरा दुसरे छायाचित्र शटर बंद ठेवून घेतो. सेन्सरचे स्वतःचे दोष दोन्ही छायाचित्रांत सारखे असल्याने वजा होतात. आरशाच्या फटीतून आलेला प्रकाश बंद शटरच्या अलीकडेच अडतो, त्यामुळे तो वजा होत नाही.

शनिवारपेठी :
चाचणीचा हा क्रम उपयोगी आहे. पण झाकायचे कशाने? चिकटपट्टी लावली तर काढताना डिंक राहतो, आणि पावसात ती टिकतही नाही.

मुठाकाठ :
निकॉनच्या डी८०० किंवा डी८५० यांसारख्या वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत आयपीसजवळच्या खटक्याने आतला पडदा बंद होतो. इतर अनेक निकॉन कॅमेऱ्यांसाठी डीके-५ नावाचे छोटे झाकण असते. ते बसवण्यासाठी रबरी आयकप काढावा लागतो, आणि काढलेला आयकप खिशातून हरवतो हा त्याचा खरा तोटा आहे. कॅननच्या अनेक पट्ट्यांवर एक काळा रबरी तुकडा ओवलेला असतो, तो याच कामासाठी दिलेला आहे; वर्षानुवर्षे पट्टा गळ्यात घालून हिंडणाऱ्यांनाही त्याचा उपयोग ठाऊक नसतो, हे मात्र आश्चर्यच. यांपैकी काहीच नसेल तर घट्ट विणीचे काळे कापड कॅमेऱ्यावर टाकावे, पण त्याचे टोक वाऱ्यावर फडफडून ट्रायपॉड हलणार नाही असे खोचावे. झाकण बसवायचे ते चौकट आणि फोकस निश्चित झाल्यावर, शटर उघडण्यापूर्वी. एक्सपोजर चालू असताना कॅमेऱ्याला हात लावला तर गळतीऐवजी हलल्याचा दोष पदरात पडेल.

तळजाई :
साधनांबद्दल वाद नाही. माझा आक्षेप कार्यशाळेतील क्रमाला आहे. पहिल्याच दिवशी ‘झाका’ म्हणून सांगितले की विद्यार्थी झाकतो, डाग तरीही येतो, आणि होल्डरची फट त्याला कधीच सापडत नाही. आधी चाचणी शिकवावी, झाकण नंतर.

मुठाकाठ :
तुमच्या चाचणीत मिनिटभराची निदान तीन एक्सपोजर आहेत. संध्याकाळचा चांगला उजेड टिकतो पंधरा-वीस मिनिटे, आणि झाकण बसवायला लागतात पाच सेकंद. चाचणी सुट्टीच्या दिवशी गच्चीत शिकवू. झेड पुलावर मात्र मी आधी झाकायलाच सांगेन.

तळजाई :
गच्चीतील चाचणी दुपारी चारला, सूर्य पाठीशी घेऊन आणि तोच फिल्टर लावून घेणार असाल, तर माझी हरकत नाही. विद्यार्थ्यांचे निकाल मात्र कॅमेऱ्याच्या मॉडेलसह येथे मांडावेत. त्यांत निम्म्याहून अधिक डाग आयपीसमुळे आलेले आढळले, तर पहिल्या दिवसाबद्दल पुन्हा बोलू.