१०८९ ची युक्ती कुठे फसते? सोबत ऋण संख्या आणि घातांकाचे दोन प्रश्न

हातचा_एक

आठवीच्या वर्गावर संख्यांच्या युक्त्या आणि त्यांमागचं बीजगणित असा दीड तास घ्यायचा आहे. तयारीत चार ठिकाणी गाडी अडली.

१) तीन अंकी संख्या घ्या, अंक उलटे लिहा, वजाबाकी करा, आलेलं उत्तर उलटं लिहून त्यातच मिळवा, १०८९ येतात. पण ६४५ घेतले तर ६४५ − ५४६ = ९९, उलटे केले तरी ९९, बेरीज १९८. आणि २६४ घेतले तर वजाबाकीच −१९८ येते. मग 'नेहमी १०८९' म्हणायचं की नाही?

२) शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग: (१०क + ५)^२ = १००क(क + १) + २५. सूत्र कोणत्याही पूर्णांकाला चालायला हवं. −३५ साठी क = −३ घेतला तर १०० × (−३) × (−२) + २५ = ६२५ येतं. हवेत १२२५.

३) २ च्या घातांचे एकक अंक २, ४, ८, ६ असे फिरतात, त्यावरून २^५० चा एकक अंक ४. स्प्रेडशीट मात्र ११२५८९९९०६८४२६२० दाखवते, शेवटी ०!

४) दुपटीची वाढ किती अंगावर येते हे दाखवायला बुद्धिबळाचा पट आणि कागदाच्या घड्या सोडून काही आहे का? ती दोन्ही मुलांना पाठ आहेत.

बेरीज_वजाबाकी

पहिल्यापुरतं लिहितो.

६४५ ला युक्ती फसलेली नाही, तुम्ही एक शून्य गाळलंत. तीन अंकी खेळात उत्तर तीन घरांतच लिहायचं: ०९९. उलटं केलं की ९९०. ०९९ + ९९० = १०८९.

हे फळ्यावर अक्षरांत मांडा. संख्या १००क + १०ख + ग, उलटी १००ग + १०ख + क. वजा केलं की ९९(क − ग). मधला अंक ख इथेच गळाला. क − ग ला फ म्हणू.

बऱ्याच ठिकाणी इथून पुढे ९९ चा पाढा लिहून मोकळे होतात: १९८, २९७, ३९६... बघा, सगळ्यांना चालतं. चालतं खरं, पण कारण कळत नाही. आपल्याला ९९फ उलटं लिहायचं आहे, म्हणजे त्याचे सुटे अंक हवेत. ९९फ = १००फ − फ. एककाच्या घरात वजा करायला काही नाही, म्हणून एक शतक उसनं घेऊन त्याचे ९ दशक आणि १० एकक करायचे:

९९फ = १००(फ − १) + १० × ९ + (१० − फ)

म्हणजे अंक झाले फ − १, ९ आणि १० − फ. उलटं केल्यावर:

१००(१० − फ) + १० × ९ + (फ − १)

बेरीज करताना शतकांत (फ − १) + (१० − फ) = ९, दशकांत १८, एककांत पुन्हा ९. म्हणून ९०० + १८० + ९ = १०८९. फ दोन्हीकडे उडाला. मुलांना थांबवून विचारायची जागा हीच.

आता अटी बघा. फ = १ असताना शतकाचा अंक ०, तेच तुमचं ०९९. फ = ० असेल (३४३, ७०७) तर १० − फ = १० येतो, तो अंकच नव्हे, आणि सगळी मांडणी कोसळते. म्हणून अट एकच: पहिला आणि शेवटचा अंक वेगळे हवेत. 'त्यांच्यात किमान दोनाचा फरक हवा' असं जे काही ठिकाणी सांगतात, ती गाळलेल्या शून्यावरची मलमपट्टी आहे. शेवटी शून्य असलेली संख्याही चालते: ५२० − ०२५ = ४९५, ४९५ + ५९४ = १०८९.

क < ग असेल तर चिन्ह बाजूला ठेवून अंक उलटे करा आणि चिन्ह परत लावा: −१९८ + (−८९१) = −१०८९. वर्गात कोणीतरी −१९८ + ८९१ = ६९३ करणार. लगेच खोडू नका. उलटे फक्त अंक होतात, चिन्ह नाही, हे त्याच चुकीवरून समजावता येतं.

शेष_शून्य

दुसऱ्याचं उत्तर: −३५ साठी क = −३ नाही, −४. १० × (−३) + ५ = −२५ होतात. तुम्ही −२५ चा वर्ग काढलात आणि तो बरोबर काढलात. १० × (−४) + ५ = −३५, मग १०० × (−४) × (−३) + २५ = १२२५.

चूक का होते, तर डोळ्यांना −३५ मध्ये '−३ आणि ५' असे दोन तुकडे दिसतात. पण त्या लिखाणात उणे चिन्ह ३ आणि ५ दोघांनाही लागू आहे: −३० − ५. सूत्रात मात्र ५ धन आहे. हे भागाकारासारखंच आहे: −३५ ला १० ने भागलं तर भागाकार −४ आणि बाकी ५, कारण बाकी ऋण घ्यायची नाही असं शाळेच्या गणितात ठरलेलं आहे. तसंच −७ ला ३ ने भागलं तर भागाकार −३, बाकी २. काही संगणकभाषा इथे −१ देतात, तेव्हा पडताळा यंत्रावर घेणार असाल तर आधी एक छोटं उदाहरण करून बघा.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर आणखी एक खड्डा. −३^२ ची किंमत लिखित गणितात −९ असते, कारण घातांक फक्त ३ चा आहे. स्प्रेडशीटमध्ये =-३^२ (अर्थात इंग्रजी अंकांत) टाकलं तर बहुधा ९ येतं. तीच स्प्रेडशीट =०-३^२ ला −९ देते! पहिल्यात उणे हे ३ चं चिन्ह समजलं जातं आणि घाताआधी लागतं, दुसऱ्यात ती वजाबाकी ठरते आणि घातानंतर होते. मुलांना कंस घालायची सवय लावा, वाद मिटला.

घातांकवाला

तिसऱ्यात तुमचं चक्र बरोबर, स्प्रेडशीट तोकडी. तिथे संख्या पहिल्या १५ अंकांपर्यंत जवळच्या किमतीला गोल करून दाखवतात, त्यापुढे शून्य भरलं जातं. २^४९ = ५६२९४९९५३४२१३१२ हे बरोबर १५ अंकी, म्हणून नीट दिसतं. २^५० सोळा अंकी आहे, खरी किंमत ११२५८९९९०६८४२६२४. शेवटचा ४ गेला आणि ० आला. ७ च्या घातांत हे ७^१८ लाच होतं: खरी संख्या १६२८४१३५९७९१०४४९, पडद्यावर शेवट ४५०. मुलांना यंत्र न बघता चूक पकडायला लावा: २ च्या घाताचा ५ हा अवयव असूच शकत नाही, मग शेवटी ० कुठून येईल?

चौथ्यासाठी शर्यत लावा. एका रांगेत १०००न, दुसऱ्या रांगेत २^न. न = १० ला १०००० विरुद्ध १०२४, मुलं हसतात. न = १३ ला १३००० विरुद्ध ८१९२. न = १४ ला १४००० विरुद्ध १६३८४. न = २० ला २०००० विरुद्ध १०४८५७६. मग म्हणायचं, हजाराच्या जागी आणखी दांडगा गडी आणा: न^१०. तोही न = ५९ ला कायमचा मागे पडतो. (शून्यावरही २^० = १ आणि १०००न = ०, म्हणजे सुरुवातीला क्षणभर दुप्पटवालाच पुढे असतो. हे कोणीतरी काढतंच, तयारीत राहा.)

मला याहून आवडतं ते उलटं वाचणं. दर मिनिटाला दुप्पट होणारी वसाहत ६० व्या मिनिटाला भांडं भरते. ५९ व्या मिनिटाला भांडं अर्धं, हे सगळे सांगतात. ५३ व्या मिनिटाला किती, ते विचारा: १/१२८, म्हणजे एक टक्काही नाही. शेवटच्या सात मिनिटांत उरलेलं सगळं.

यामागचं बीजगणित एका ओळीचं. ब = १ + २ + ४ + ... + २^(न−१). दुप्पट केली की २ब = २ + ४ + ... + २^न. वजा केल्यावर मधलं सगळं उडतं, ब = २^न − १. म्हणजे नवी पायरी आधीच्या सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेहून १ ने मोठी.

शेष_शून्य

एकक अंकाच्या चक्रात एक जोड. ५० ला ४ ने भागून बाकी २ आली म्हणून २^२ = ४ घेतलं, ठीक. पण २^१०० विचारलं तर बाकी ०, आणि मुलं २^० = १ म्हणून उत्तर १ लिहितात. बरोबर उत्तर ६. बाकी ० आली की चक्रातली चौथी जागा घ्यायची. गंमत म्हणजे ३ आणि ७ ला ही चूक उघडी पडत नाही, कारण त्यांच्या चक्राची चौथी जागा १ च आहे (८१, २४०१). म्हणून सरावात २ किंवा ८ ची उदाहरणं हवीतच.

हातचा_एक

०९९ चं पाहून लाज वाटली, पण पटलं. चार अंकी करून पाहिलं: ५३२१ − १२३५ = ४०८६, + ६८०४ = १०८९०. पण ५२२१ ला १०९८९ आणि ५२३१ ला ९९९९ आले. इथे एकच उत्तर नाही का?

आणि घातांकातून टक्केवारीकडे कसं वळावं? 'दर टप्प्याला ७ टक्के, दहा टप्प्यांत ७० टक्के' हे उत्तर हमखास येतं.

बेरीज_वजाबाकी

नाही. चार अंकांत वजाबाकी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) होते, मधले अंक गळत नाहीत. क > घ धरा. ख > ग असेल तर १०८९०, ख = ग ला १०९८९, ख < ग ला ९९९९. क = घ आणि मधले वेगळे असतील तर ९९०, अर्थात शून्यं राखून: ५३१५ − ५१३५ = ०१८०, + ०८१० = ९९०. दोन अंकांत मात्र पुन्हा एकच उत्तर, ९९. त्याची सिद्धता घरी करायला द्या, तीन अंकांसारखीच आहे, फक्त मधलं घर नाही.

घातांकवाला

१.०७^१० = १.९६७, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के वाढ. सत्तराच्या वरचे २७ हे वाढीवरच्या वाढीचे. दुप्पट व्हायला किती टप्पे लागतील याचा अंदाज ७२ भागिले टक्के असा काढतात. ७ टक्क्यांना १०.३ (खरे १०.२), १० टक्क्यांना ७.२ (खरे ७.३). टक्के मोठे झाले की हा अंदाज कामाचा नाही: ५० टक्क्यांना १.४४ सांगतो, खरे १.७१ लागतात. १०० टक्क्यांना तर एका टप्प्याऐवजी ०.७२ म्हणतो.

आणि बीजगणिताशी सांधा जोडायचा तर हे घ्या: १० टक्के वाढ, मग १० टक्के घट. मुलं म्हणतात जैसे थे. (१ + र)(१ − र) = १ − र^२, म्हणून ०.९९. आधी घट आणि मग वाढ केली तरी तेच, गुणाकाराचा क्रम बदलून काही होत नाही. २० टक्क्यांना ०.९६. अशा दहा जोड्या १० टक्क्यांच्या केल्या तर ०.९९^१० = ०.९०४. विस्तारसूत्रं पाठ असलेल्या मुलांनाही हे तेच सूत्र आहे हे सहसा दिसत नाही, म्हणून र च्या जागी ०.१ आधी घालू नका. अक्षर राहू द्या, आकडा शेवटी.