आधी फाईलचे बाइट मोजा

दादा, गाडीच्या स्टिरिओच्या स्क्रीनवरच्या बॅकग्राउंड चित्राची फाईल एक्स्टेंशन (नावाचं शेपूट) बीएमपी करूनही उघडत नाही म्हणता, तर आत बहुधा हेडरच (चित्राचा आकार-प्रकार सांगणारा सुरुवातीचा भाग) नाही, नुसते पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आहेत. स्क्रीन ८०० गुणिले ४८० ची, म्हणजे ३,८४,००० पिक्सेल. फाईल ७,६८,००० बाइटची असेल तर पिक्सेलला २ बाइट, म्हणजे बहुतेक आरजीबी ५६५: लाल ५, हिरवा ६, निळा ५ बिट. नागपूरच्या सीताबर्डीत बसवलेल्या माझ्या स्टिरिओत हेच निघालं. फुटाळा तलावाचा फोटो टाकला तर रंग पार विस्कटले. प्रत्येक जोडीतले दोन बाइट उलटवले, तेव्हा कुठे तलाव तलावासारखा दिसला! फोटोआधी निव्वळ लाल चित्र टाकून बघा, हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) एफ८ ००, नाहीतर ०० एफ८ असंच ओळीनं दिसायला हवं, त्यावरून बाइटचा क्रम कळेल. मूळ फाईलची कॉपी मात्र आधी पेनड्राइव्हवर घ्याच जी.