शब्दचर्चा : जर्मन 'मान्', 'मेन्श' आणि आपलं 'गेलो/गेले'

प्रश्न :
'मान्' या जर्मन सर्वनामासाठी (अर्थ : 'कुणीही', 'लोक', ठरावीक व्यक्ती नव्हे) मराठी अनुवादात काय वापरावं? किम द लोरिझाँ यांच्या 'ब्लूटबूख' कादंबरीत (२०२२चे जर्मन आणि स्विस, दोन्ही पुस्तक-पुरस्कार) निवेदन करणारी व्यक्ती स्वतःला ना स्त्री मानते, ना पुरुष. तिथे 'मान्'ऐवजी मुद्दाम 'मेन्श', म्हणजे माणूस, येतो. दोन्हींना 'माणूस' म्हटलं तर फरकच पुसला जातो.

प्रतिसाद :
'मान्'ची कामं दोन आहेत. 'इथून आपण स्टेशनकडे वळतो' अशा वाक्यात सरळ 'आपण'. दुसरं काम दटावण्याचं : 'दास टूट मान् निश्ट', असं करत नाहीत. इथे समाज बोलतो. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२७मध्ये याच सर्वनामाचं नाम करून 'दास मान्' (आपण कसं वागावं हे ठरवणारे निनावी 'लोक') ही संकल्पना मांडली. त्या अर्थी मराठीत 'चारचौघं' चपखल बसतं : 'चारचौघांत असं वागत नाहीत', 'चारचौघांसारखं राहा'.

'मेन्श'चं कारण उच्चारात आहे. 'मान्' आणि पुरुषासाठीचा शब्द कानाला सारखेच लागतात. आपल्याकडे उलट 'माणूस'च पुरुषाकडे झुकतो ('तिचा माणूस' म्हणजे नवरा). म्हणून दटावणीला 'चारचौघं' आणि 'मेन्श'ला 'आपण' अशी विभागणी करावी. निवेदनाचा आवाज आणि समाजाचा आवाज वेगळे राहतात.

प्रतिसाद :
सर्वनाम सुटेल, खरी अडचण क्रियापदात आहे. जर्मन 'इश् गिंग'मध्ये ('मी गेलो/गेले') लिंग कळत नाही. मराठीत 'गेलो' की 'गेले' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. वाटा अशा : सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्मामागे जातं, म्हणून 'मी पत्र लिहिलं' निर्धोक. 'म्हणालो/म्हणाले' टाळून 'मी म्हटलं'. 'झोपलो'ऐवजी 'मला झोप लागली'. 'जातो/जाते'ऐवजी 'जात आहे'. भविष्यकाळात 'जाईन'ला अडचणच नाही. फसवी क्रियापदं विसरणे, शिकणे, बोलणे : कर्म असूनही 'मी नाव विसरलो/विसरले' असं कर्त्यामागेच जातात. तिथे 'नाव आठवेना'. 'माझं जाणं झालं' मात्र क्वचितच वापरा. दोन-तीनदा आलं की सरकारी पत्राचा वास येतो. नपुंसकलिंगी 'मी गेलं' तर नकोच, त्यात माणसाचं लेकरू होतं.

प्रतिसाद :
यात एक वाट राहिली. कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. मूळ पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या बोलीतले 'मेर' (आई), 'ग्रोसमेर' (आजी) असे शब्द आहेत, म्हणजे बोलीला आधार मुळातच आहे. पण हे एखाद्या वाक्यापुरतं केलं तर प्रमाण मराठीचा वाचक त्याला पुरुषच समजेल. पहिल्या पानापासून आजी, आई आणि निवेदन तिघांच्याही तोंडी तीच बोली हवी. आई 'मी आलो' म्हणताना दिसली की निवेदनातलं 'आलो' कुणा एका लिंगाचं राहत नाही.