विहीर आणि सेप्टिक टँकचं घर: महिन्याला खर्च किती धरायचा? (नागपूर)

नमस्कार मंडळी, आई-बाबांसाठी बेलतरोडीकडच्या एका लेआउटमध्ये घर पाहून राहिलो आहोत. प्लॉट १५०० चौरस फूट, ३० बाय ५०. तिथे अजून नळाची लाइन नाही आणि गटारलाइनही नाही. मागच्या अंगणात बांधीव विहीर आहे, पुढे गेटजवळ सेप्टिक टँक. बाबांची पेन्शन ठरलेली आहे, त्यामुळे दर महिन्याला नेमके किती बाजूला ठेवायचे हे आधी कळायला हवं. आता ते फ्लॅटमध्ये राहतात. पंप, पाणी, सांडपाणी, सगळं मेंटेनन्समध्ये येतं.

घरमालक म्हणतात, पाण्याचं बिलच येत नाही तर खर्च कसला? पण पाण्याचा पैसा विजेच्या बिलातून जातोच ना. १ एचपीचा पंप रोज तासभर चालला की महिन्याला साधारण ३० युनिट होतात. फ्रिज, पंखे, टीव्ही यांतच १०० युनिट पार होतात, म्हणजे पंपाची युनिटं वरच्या स्लॅबमध्ये पडतात आणि तिथला दर जवळपास दुप्पट. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर वीजही खातो आणि पाणीही, नेमकं विहीर खाली गेलेली असते तेव्हा.

मी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी आता बरं आहे, पण कड्यांवर पांढऱ्या क्षाराचे पट्टे खूप खालपर्यंत दिसतात. बाथरूममधल्या गीझरच्या नळालाही तसाच जाड थर बसलाय. म्हणजे आरओची मेम्ब्रेन आणि गीझरचं एलिमेंट, दोन्ही लवकर बदलावी लागणार असं मी धरून चालले आहे.

सगळ्यात जास्त काळजी अंतराची आहे. विहीर आणि सेप्टिक टँक यांत निदान ५० फूट हवेत असं म्हणतात, इथे अख्खा प्लॉटच ५० फूट लांब. आईचं पोट आधीच नाजूक आहे. अशा घरात राहणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही खर्च कसा धरता आणि पाण्याचं काय करता?

प्रतिसाद १
ताई, आम्ही हुडकेश्वरकडे असेच राहतो. दर महिन्याचा खर्च कमीच असतो, पण जो येतो तो एकदम येतो. पंपाचं वाइंडिंग जळतं ते मे महिन्यातच, पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा चालला की. त्यामुळे ड्राय-रन कटऑफ, म्हणजे पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं उपकरण, पहिल्याच दिवशी बसवून घ्या. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीनेच उपसायचा, माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि आतल्या वायूने जीव जातो. आम्ही पंप, टँक आणि आरओसाठी मिळून महिन्याला हजार रुपये वेगळे काढतो, वीजबिल सोडून.

आणि फक्त तुमचाच टँक पाहू नका. मागच्या घराचा टँक तुमच्या कंपाउंडला लागून असेल तर तो विहिरीला जास्त जवळ पडतो.

प्रतिसाद २
इसार देण्याआधी पाणी तपासून घ्या. नुसतं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवून भागत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि ई-कोलायची (मैल्यातून येणाऱ्या जंतूंची) तपासणी वेगळी सांगावी लागते. त्यासाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्यायची. पाऊस पडल्यावर पुन्हा एकदा करा, तेव्हा टँकचं पाणी विहिरीकडे जास्त झिरपतं.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मागच्या घराचा टँक कुठे आहे हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं, रविवारी जाऊन पाहते. तपासणीचा रिपोर्ट आल्याशिवाय इसार देणार नाही, बाबांनाही तसंच सांगितलं. हुडकेश्वरचे दादा, एक विचारायचं राहिलं: मे महिन्यात तुमच्याकडे टँकर मागवावा लागतो का, की विहीर निभावून नेते?