गच्ची सगळ्यांची, मग सोलर एकट्याचा कसा?

तिसरा_मजला
कोथरूडमधली आमची सोसायटी, सात मजले, 28 फ्लॅट. वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाने गच्चीवर स्वतःपुरतं 3 किलोवॅटचं सोलर बसवायला एनओसी मागितली आहे. सूर्यघर योजनेत त्याला 78 हजार सबसिडी मिळते, त्यामुळे घाई समजू शकतो. तरी माझं मत, एनओसी देऊ नये.

1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांची सावली सोडली तर आमच्याकडे उरतात 2000 फूट, म्हणजे 20 किलोवॅट. सहा-सात जणांनी 3-3 किलोवॅट लावलं की गच्ची संपली. बाकीच्यांनी काय करायचं, नुसता मेंटेनन्स भरायचा? त्यापेक्षा सोसायटीनेच कॉमन मीटरवर बसवावं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. सोसायटीला किलोवॅटमागे 18 हजार सबसिडी आहे, 20 किलोवॅटला 3 लाख 60 हजार होतात.

उन्हातला_माणूस
तो सभासद मीच समजा, कारण आमच्याकडेही हेच चाललंय. कॉमन मीटरचा ठराव दोन वर्षं एजीएममध्ये येतो आणि पुढच्या एजीएमला जातो. गेल्या वेळी गेटच्या रंगावर दीड तास गेला, सोलरवर चार मिनिटं. मी स्वतःच्या पैशाने लावतो म्हटलं की लगेच सगळ्यांना गच्ची आठवते. एरवी वर कोण येतं? कोजागिरीला, तेही मसाला दूध संपेपर्यंत.

निवृत्त_सिव्हिल
दोघंही वीज मोजताय, पाणी कोण मोजणार? ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थरात, भोकं पाडून स्ट्रक्चर उभं केलं की पहिल्या पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत ओलं. मग दुरुस्ती सोसायटीच्या माथी. भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवरही उभं करता येतं, पण वाऱ्याचा आणि वजनाचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या. आधी वॉटरप्रूफिंग, मग सोलर. पॅनेल 25 वर्षं टिकतं. बिल्डिंग आजच तिशीची असेल तर रीडेव्हलपमेंटच्या वेळी ते उतरवायचा खर्च कोणाचा, हेही आताच लिहून घ्या.

फ्रीमाँटकर
इकडे कॅलिफोर्नियात घरमालकांच्या असोसिएशनला सोलर नाकारता येत नाही. अटी घालता येतात, पण त्यांच्यामुळे खर्चातली वाढ 1000 डॉलरच्या वर किंवा वीजनिर्मितीतली घट 10 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. 2018 पासून सामाईक छपरालाही सोलरचा हक्क लागू आहे. तुमच्याकडे एका सेक्रेटरीच्या सहीवाचून अडतं, हे जरा विचित्रच.

तिसरा_मजला
@फ्रीमाँटकर, त्याच कायद्यात पुढचंही वाचा. सामाईक छपरावर लावायचं तर बिल्डिंगमधल्या प्रत्येक मालकाला कळवावं लागतं, विमा काढावा लागतो. शिवाय छपराची पाहणी करून प्रत्येकाच्या न्याय्य वाट्याचा हिशोब असोसिएशन मागू शकते. मी वेगळं काय म्हणतोय? 2000 भागिले 28, माणशी 71 फूट. पाऊण किलोवॅटसुद्धा होत नाही.

उन्हातला_माणूस
वाटे पाडले तर कोणालाच काही नाही, असा तुमचा न्याय! निम्म्या लोकांना सोलर नकोच आहे, भाडेकरू ठेवलेत. त्यांनी त्यांचा वाटा मला लेखी द्यावा, हवं तर मी सोसायटीला जागेचं भाडं देतो.

पंपाची_चावी
कमिटीत आहे म्हणून सांगते. लोकांना वाटतं सोलर आलं की लाइट गेल्यावरही लिफ्ट चालेल. नाही चालणार. बॅटरी नसलेली नेट मीटरची सिस्टीम, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देणारी, ग्रिड बंद पडलं की स्वतःही बंद होते, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. हे आधी सांगितलं नाहीत तर पहिल्याच लोडशेडिंगला सगळे कमिटीच्या दारात. बाकी मी कॉमन मीटरच्या बाजूने, पण डिसेंबरपर्यंत मुदत द्या. तोवर ठराव झाला नाही तर वैयक्तिक परवानगी. आणि पॅनेल धुणार कोण, तेही ठरवा, कबुतरं आमच्याकडे कमी नाहीत.

तिसरा_मजला
मुदत मान्य. आज टेप घेऊन वर गेलो होतो. डिश अँटेना आणि कपड्यांच्या दोऱ्यांची जागा वगळून 2000 नाही, 1640 फूटच भरले. नोटीस रविवारी लावतो.

उन्हातला_माणूस
टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?